वर बघणारी मिरची

३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वहिनीचं रोजचं लिहून ठेवा. काय खाल्लं, काय विसरली, झोप किती लागली. म्हटलं, ठेवतो. शाळा माझी सातवीतच संपली. पण दुकानात रिवाइंडिंगला आलेल्या प्रत्येक मोटारीची नोंद गेली एकतीस वर्षं माझ्याच हातची आहे. कोणती कॉईल जळली, कोणतं बेअरिंग बोंबलायला लागलं, सगळं. माणसाची नोंद पहिल्यांदाच करतोय.

तर नोंद अशी. वय त्र्याहत्तर. दादा गेल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, आमच्याकडे. मी नऊ वर्षांचा असताना ती लग्न होऊन घरात आली आणि आईविना पोर तिच्या पदरात पडलं. मी सारखा काहीतरी उचकटत बसायचो म्हणून तिनं माझं नाव 'खटपट्या' ठेवलं. आज त्रेसष्टाव्या वर्षीही मी तिचा खटपट्याच आहे. म्हणजे ओळखते तेव्हा. चारचौघांत मी सांगतो की स्वतःच्या हिमतीवर वर आलो. वहीत खोटं कशाला? पहिला स्क्रूड्रायव्हर तिनं आणून दिला होता.

आज पुतणीचा फोन आला. दादांची ही एकुलती एक पोर, चार तासांवरच्या शहरात शिकवते. तिनं आईसाठी एक जागा बघितलीय. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं निवास, तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी उडवून लावलं. तर म्हणाली, काका, आई आठवड्यातून चारदा अंथरूण ओलं करते, परवा फाटकापर्यंत एकटी गेली होती, आंघोळीला दीड तास लागतो. भिंतींना कान असतात हे ठाऊक होतं, आमच्या भिंतींना तोंडही फुटलेलं दिसतंय.

धंद्यात एक शिकलोय, समोरचा तापला की आपण सौदा पुढं करायचा. वहिनीनं परवाच ट्रंकेतून एक गाठ मारलेलं फडकं काढलं होतं, आत मिरचीचं बी. तेव्हापासून तासातासाला बायकोकडे कुंडी मागतेय. मी पुतणीला म्हटलं, फेब्रुवारी संपता संपता ये. तुझ्या आईनं स्वतः वाढवलेल्या झाडाची मिरची तुझ्या हातावर ठेवतो. ठेवली तर ती इथंच राहणार. नाही ठेवली तर तू ने, सामान मी जिन्याखाली आणून देतो.

ती म्हणाली, "काका, हा सौदा आहे?"

"तसंच समज," मी म्हटलं. आयुष्यात तोट्याचा सौदा केला नाही मी.

५ नोव्हेंबर

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजलं. रुजायला ऊब लागते आणि हवा तर गारठलेली. दुकानात वार्निश वाळवायची जुनी पत्र्याची पेटी आहे, आत चार बल्ब. ती घरी आणून खिडकीखाली ठेवली, दोन बल्ब काढले आणि वर मातीचा ट्रे. ज्या उबेत मोटारी सुकल्या त्या उबेत मिरची का उगवू नये?

बी वहिनीनंच टोचलं. बोटाच्या नखाएवढं खोल, पुसटशी माती वरून. तेव्हा तिचा हात जराही अडखळला नाही. सकाळी मात्र कंगवा कशासाठी असतो ते तिला आठवत नव्हतं.

१६ नोव्हेंबर

सात उगवली. वहिनीनं मोजली, मग पुन्हा मोजली, मग मला मोजायला लावली. मी पुतणीला लगेच कळवलं. बायको म्हणाली, बरं झालं. एवढंच.

हिचा स्वभावच तसा. आनंदालाही पायपुसण्यावर पाय पुसायला लावूनच आत घेते.

२८ नोव्हेंबर

बारा दिवस ऊन नाही. आभाळ म्हणजे नुसतं मळकं गोधडं. रोपं उजेडाच्या शोधात काडीसारखी उंच झालीत आणि माना टाकतात. दोन ट्यूबलाइट आणून खिडकीच्या चौकटीला टांगल्या, रोपांपासून वीतभर वर. चोक जुना आहे, गुणगुणतो. वहिनी म्हणते, कुणीतरी गातंय.

ती तासन् तास तिथंच बसते. बाहेर जायला निघत नाही. हे डॉक्टरीणबाईंसाठी मुद्दाम लिहितोय.

६ डिसेंबर

दोन रोपं गेली. बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. कारण उघड आहे. वहिनी पाणी घालते, विसरते, परत घालते. मी उपाय काढला, पाण्याच्या वाटीला एक लाल झाकण दिलं. पाणी घातलं की झाकण लावायचं. वहिनीनं दिवसभर झाकण उघडून बंद केलं, पाणी घातलंच नाही. शेवटी ठरलं की बायकोनं सोबत बसायचं आणि सांगायचं. ही म्हणाली, ठीक आहे, भांडी झाल्यावर बसेन. म्हटलं, बसूनच तर राहायचं आहे.

आज चादर पिळायला मला हाक मारली. दोन मुलं वाढवून सासरी-परगावी पाठवलेल्या बाईला एक चादर पिळता येईना. म्हातारे झालो आपण, म्हणालो. हसली.

१९ डिसेंबर

वहिनी सकाळी सापडेना. जिन्यात नाही, गच्चीवर नाही. हिचा जीव कासावीस, एका पायात चप्पल घालून रस्त्यावर. सापडली ती फाटकाशी, वॉचमनच्या खुर्चीत. शाळा सुटायची वाट बघत होती. खटपट्याला रस्ता ओलांडता येत नाही म्हणे.

मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो. म्हटलं, वहिनी, सुटली शाळा. तिनं माझ्या डोक्यावरचे पांढरे केस बघितले आणि म्हणाली, कुणाचे बाबा तुम्ही?

याची नोंद ठेवली. पुतणीला कळवलं नाही.

२ जानेवारी

पाच रोपं मोठ्या कुंड्यांत गेली. पानं हिरवीगार. वहिनीनं प्रत्येक रोपाचा शेंडा नखानं खुडला, माझा जीव वर-खाली. म्हणाली, डोकं खुडलं की हातपाय फुटतात. आणि फुटले. दुकानातल्या कारागिराला सांगितलं तर तो म्हणतो, मालक, आमचंही खुडा एकदा.

बायको हल्ली वहिनीच्या खाटेशेजारी सतरंजी टाकते. जेवायला वाढताना पातेल्याला टेकून उभ्या उभ्या डोळा लागला हिचा. घोड्याची जात तुझी, म्हटलं. महिन्याभरात तीन कप फुटले. कपांना साथ आलीय.

२३ जानेवारी

फुलं. पांढरी, नखाएवढी, झाडाझाडावर सात-आठ. सगळी तोंड वर करून उभी. ट्यूबलाइट वर असल्यामुळं असेल. अजून पाच आठवडे हातात आहेत. घरात ना माशी ना वारा, म्हणून वहिनी एकेका फुलाला करंगळीनं टिचकी मारते, हळू, झोपलेल्या बाळाला उठवावं तशी. आज तिनं मला तीनदा नावानं हाक मारली.

पुतणीला फोनवर म्हटलं, निवासाचे पैसे भरू नकोस.

४ फेब्रुवारी

सकाळी खिडकीखाली अकरा फुलं गळून पडलेली. देठ पिवळे.

रोपवाटिकेतल्या माणसाला जाऊन विचारलं. त्यानं विचारलं, खोलीत गारवा किती? ऊन किती? मग मान हलवली. म्हणाला, मालक, मिरचीला गारठ्यात फूल येतं पण ते टिकत नाही. झाड हिशेबी असतं, आपलं स्वतःचं भागत नसताना पोर कशाला पोसेल?

त्याचं बोलणं आवडलं नाही, पण माल ओळखणारा माणूस.

१२ फेब्रुवारी

हीटर आणला. खिडकीच्या फटीत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या. कुंड्यांभोवती प्लॅस्टिकचा तंबू. खोलीत आता माणूस घामाघूम होतो. वहिनीनं दुपारी स्वेटर, मोजे सगळं काढून टाकलं आणि हिला ते चार वेळा घालावं लागलं. ही म्हणाली, अहो, मिरचीचं इतकं करता. वाक्य पुरं केलं नाही. मी म्हटलं, मिरचीचं कोण करतंय, वहिनीचं करतोय.

फुलं येताहेत आणि गळताहेत.

२० फेब्रुवारी

आज एकही फूल नाही. पानं तेवढी आहेत. बाहेर तोच मळका उजेड, सकाळ-दुपार सारखीच. बेअरिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला लावली की आत काय मोडलंय ते मी सांगतो, अख्खं गाव त्यासाठी येतं माझ्याकडे. झाडाला कुठं कान लावायचा?

वहिनी विचारते, आल्या का? मी म्हणतो, येतील. तिचं समाधान होतं, मग पाच मिनिटांनी परत विचारते. दिवसातून चाळीसदा येतील म्हणणं सोपं नाही.

पुतणी पंचवीसला येतेय.

२५ फेब्रुवारी, सकाळी

जे केलं ते लिहून ठेवतो. भाजीवालीकडून लाल मिरच्या घेतल्या, त्यातल्या सगळ्यात लहान तीन निवडल्या. वहिनी आंघोळीला गेली होती, म्हणजे माझ्याकडे दीड तास. कॉईल बांधायचा दोरा आणला होता, तो हिरव्या शाईत बुडवून मधल्या झाडाला तिन्ही बांधल्या. देठाला देठ. वाइंडिंगवाल्याची गाठ डोळ्याला दिसत नाही. लांबून बघितलं, जवळून बघितलं, मलाच खरं वाटलं.

ही न्हाणीघरातून वहिनीला धरून बाहेर आली, बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. सौदा सौदा असतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पुतणी अकराला आली. वहिनीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, छान चाललं होतं. कोण आली आहे ते वहिनीला मीही विचारलं नाही, पुतणीनंही नाही. मग मी म्हटलं, वहिनी, मिरच्या दाखव की.

वहिनी खिडकीपाशी गेली. मिरचीला हात लावला नाही. आधी पान उचललं, खालून बघितलं, मग दुसऱ्या झाडाचं बघितलं. तिची बोटं देठावरून वर वर सरकली आणि गाठीवर थांबली.

"ही खाली बघते," ती म्हणाली. "माझी मिरची वर बघते, आभाळाकडे. हिला कुणीतरी बांधलंय."

मी लहानपणी तिच्या त्या मिरच्या टोपलीभर खाल्ल्या असतील. झाडावर कशा असतात ते कधी बघितलंच नव्हतं.

वहिनीनं गाठ सोडवली. मला सोडवायला कात्री लागली असती, तिनं नखानं सोडवली. तिन्ही मिरच्या पुतणीच्या हातावर ठेवल्या. पुतणी माझ्याकडे बघत होती. मी पडलो धंद्यातला माणूस, मला त्यातही नफा दिसला. म्हटलं, बघितलंस? डोकं किती चालतंय तिचं. कुणाला कळलं असतं? आणि खरंच पुतणीचा चेहरा उजळला होता. ती म्हणाली, "खरंच की गं, आई." मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात वहिनी येऊन माझ्यासमोर उभी राहिली, पुतणीच्या आणि माझ्या मध्ये. एक हात मागं करून मला धरलं. आणि पोटच्या पोरीला म्हणाली,

"बाई, त्याला मारू नका. मीच सांगितलं होतं बांधायला. आई नाही हो त्याला. पुन्हा नाही करणार."

चोक गुणगुणत होता. पुतणीच्या मुठीत मिरच्या होत्या. ती म्हणाली, "नाही मारत."

वहिनी माझ्याकडे वळली. म्हणाली, जा, हातपाय धू, जेवून घे.

मी गेलो. हातपाय धुतले.

दुपारी पुतणी आणि ही स्वयंपाकघरात होत्या, नळ सुरू ठेवून. नळाखालचंही मला ऐकू येतं. पुतणी म्हणाली, काकू, तुम्ही काकांना सांगायला हवं होतं. ही म्हणाली, "त्यांना काय सांगणार? त्यांना सगळं ऐकू येतं." काय सांगायचं होतं ते काही कळलं नाही. मिरचीबद्दलच असेल.

२ मार्च

पुतणी गाडी घेऊन आली. वहिनी सकाळपासून चपला घालून खुर्चीत बसली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, तू नको म्हण, मी गाडी परत पाठवतो. सौदा गेला खड्ड्यात.

ती म्हणाली, उशीर होतोय.

सामान मी जिन्याखाली आणून दिलं. बोललो होतो तसं. एक ट्रंक, एक पिशवी, औषधांचा डबा.

मला वाटलं होतं, ही आतून सुटली असेल. शेवटी बाईमाणूस, सासरचं माणूस सांभाळायचं म्हणजे ओझंच. पण जिन्यात हिचंच रडणं थांबेना. कठड्याला धरून बसली. शेजारीण विचारायला लागली, कोण गेलं. वरात असो की मयत, या बायका एकाच सुरात रडतात, असा विनोद करणार होतो, केला नाही.

५ मार्च

ही काल दुपारी जेवून आडवी झाली ती आज सकाळी उठली. मी दोनदा नाकाशी हात धरून बघितला.

ट्यूबलाइट बंद केल्या. घरात इतकं शांत आहे की फ्रीजचं बेअरिंग गेलंय हे आज कळलं.

२२ मार्च

निवासात जाऊन आलो. एकटाच गेलो, हिला म्हटलं, तू आराम कर. जागा स्वच्छ. वहिनीची खोली खालच्या मजल्यावर, खिडकीबाहेर भिंत. ती खाटेवर बसली होती, केस विंचरलेले. मी उंबऱ्यात उभा राहिलो. तिनं वर बघितलं आणि छताकडे बोट दाखवलं. म्हणाली, आलात का, कधीपासून निरोप दिलाय.

पंखा करकरत होता. आवाजावरूनच कळलं, बुश कोरडा पडलाय. ऑफिसातून शिडी मागितली, तेल मागितलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या. माझ्यासाठी तरी ते सोपं होतं. ती खाली बसून लक्ष ठेवत होती, कारागिरावर ठेवावं तसं.

म्हणाली, हात चांगला आहे तुमचा. माझा दीरही हेच काम करतो, मोठं दुकान आहे.

मी वरूनच विचारलं, मग आजी, त्याच्याकडे का नाही राहत?

"राहिले असते," ती म्हणाली. "त्याच्या बायकोचा हात दुखतो. मला उठवते ना, तेव्हा कळतं. मूठ मिटत नाही तिची. रात्री एकटीच तेल लावत बसते. माझं सगळं तिच्यावर. किती दिवस करायचं तिनं? म्हटलं, निघावं."

मी विचारलं, "दिराला सांगितलं नाहीत?"

"तो फार कामात असतो," ती म्हणाली. "चांगला आहे. पण त्याला मशिनीचंच ऐकू येतं."

पंखा लावून बघितला. आवाज गेला होता. मी शिडीवरून उतरलो, तिनं तांब्यातलं पाणी दिलं आणि विचारलं, पैसे किती झाले. म्हटलं, ऑफिसात मिळतात. ती म्हणाली, नक्की घ्या, विसराल.

परतीच्या बसमध्ये चार तास आठवत बसलो. छत्तीस वर्षांचा संसार. हिचा आवाज, पावलं, स्वयंपाकघरातलं कोणतं भांडं कोणत्या फळीवर ठेवलं ते मी बाहेरच्या खोलीतून सांगतो. कोणता हात ते आठवेना.

घरी पोचलो तेव्हा ही ओट्याशी उभी होती. कशी आहे वहिनी, असं तिनं विचारलं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "कोणता?"

काय कोणता, असं ती म्हणाली नाही. गॅस बारीक केला आणि उजवा हात पुढं केला.